ऑनलाइन लिलावात स्वस्तात वस्तू मिळते ती घड्याळामुळे की नजरेमुळे?

खणपेटी

या फोरमवर नाणी, तिकिटं, कॅमेरे, पेनं, जुनी पुस्तकं जमवणारे बरेच जण आहेत. ऑनलाइन लिलावाचा विषय निघाला की चर्चा फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते: बोली शेवटच्या किती सेकंदांत टाकायची? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. वस्तू स्वस्तात हाती लागते ती बहुतेक वेळा लिलाव संपायच्या कितीतरी आधी, विकणाऱ्याने वर्णनात न लिहिलेलं काहीतरी आपल्याला फोटोत दिसतं त्या क्षणी. धागा काढलाय तो यासाठी. पण आधी बोलीचं गणित मांडतो, त्याबद्दलही बरेच गैरसमज आहेत.

ईबेसारख्या साइटवर आपण टाकतो ती कमाल बोली. साइट ती आपल्या वतीने गरजेपुरतीच वाढवत नेते. तुमची कमाल ५००, दुसऱ्याची ३२० आणि बोली वाढवायचा टप्पा १० चा असेल, तर वस्तू तुम्हाला ३३० ला मिळते. तुमचे ५०० कोणाला दिसतही नाहीत. म्हणजे जिंकणाऱ्याने किती द्यायचे हे दुसऱ्या क्रमांकाचा माणूस ठरवतो. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये अशा लिलावाचं गणित मांडलं (१९९६ चं नोबेल त्यांना मिळालं). निष्कर्ष साधा आहे: वस्तू तुमच्या लेखी जेवढ्याची आहे तेवढीच बोली टाका. कमी टाकून काही वाचत नाही, उलट वस्तू हातची जाते. तिकिटांच्या दुनियेत हा प्रकार त्याच्याही खूप आधीपासून चालत आलाय. पोस्टाने बोल्या मागवायच्या आणि जिंकणाऱ्याकडून दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या हिशेबाने पैसे घ्यायचे, अशा लिलावाची नोंद १८९३ सालची आहे.

मग शेवटच्या क्षणी बोली टाकण्याचा फायदा काय? समोरचे सगळे आपापला आकडा ठरवून आलेले असतील, तर काहीच नाही. पण सगळे तसे नसतात. ‘तुमच्यापेक्षा जास्त बोली लागली आहे’ असा निरोप आला की पुन्हा थोडी वाढवणारे असतात, त्यांना तेवढा वेळ मिळत नाही. दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ईबे आणि त्या वेळच्या ॲमेझॉनच्या लिलावांची तुलना केली. ईबेचा लिलाव ठरल्या वेळी बंद व्हायचा. ॲमेझॉनवर शेवटची बोली आल्यावर दहा मिनिटं शांततेत जाईपर्यंत तो चालू राहायचा. उशिरा बोली टाकण्याचं प्रमाण अर्थातच ईबेवर जास्त निघालं. पण ईबेवरही ते कॉम्प्युटरपेक्षा जुन्या, दुर्मीळ वस्तूंच्या विभागात जास्त होतं. कारण जाणकाराची बोली हीच एक बातमी असते. त्याने आधी बोली लावली की बाकीच्यांना कळतं, या वस्तूत काहीतरी आहे.

तेव्हा शेवटच्या सेकंदांचा उपयोग आहे तो आपल्याला जे कळलंय ते लपवायला. कळलेलंच काही नसेल तर लपवणार काय?

दंतूरकडा

पूर्ण सहमत. तिकिटांमधलं उदाहरण देतो, कारण पेनी ब्लॅकवर लोक डोळे मिटून पैसे ओततात ते बघवत नाही.

जगातलं पहिलं टपाल तिकीट, १८४०. नाव एवढं मोठं की ‘दुर्मीळ’ हा शब्द आपोआप चिकटतो. प्रत्यक्षात जवळपास ६ कोटी ८० लाख छापली गेली आणि त्यातली पुष्कळ टिकली. नुसतं पेनी ब्लॅक असणं म्हणजे काहीच नाही. तेव्हा दातेरी कडा नव्हत्या, तिकिटं कात्रीने कापून काढायची. त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे चारही बाजूंचा पांढरा काठ शाबूत आहे का ते बघायचं. एका बाजूला कात्री चित्रात शिरली असेल तर किंमत धाडकन उतरते. दुसरी गोष्ट छपाईची प्लेट. तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन अक्षरं असतात, ती छापलेल्या पानावरची जागा सांगतात: ओळी २०, प्रत्येकीत १२, म्हणजे एए पासून टीएल पर्यंत २४० तिकिटं. ही अक्षरं प्रत्येक प्लेटवर हाताने ठोकलेली, त्यामुळे आपल्या चौकटीत ती कुठे डावीकडे झुकलेली, कुठे खाली घसरलेली असतात. त्यावरून प्लेट ओळखता येते. ११ क्रमांकाची प्लेट खरं तर पुढच्या लाल तिकिटांसाठी बनवली होती, काळ्यात तिच्यावरून फारच थोडी छपाई झाली.

आता विकणाऱ्याने नुसतं ‘पेनी ब्लॅक, वापरलेलं’ लिहून चांगला स्कॅन टाकला असेल, तर अक्षरांचे कोपरे मोठे करून बघायला कोणाची आडकाठी आहे? बहुतेक जण ते करत नाहीत. हाच तो स्वस्त माल. शेवटच्या तीन सेकंदांशी त्याचा काही संबंध नाही.

झडप

कॅमेऱ्यांमध्येही अगदी हेच. ‘जुना कॅमेरा, चालतो की नाही माहीत नाही’ असं शीर्षक, बॉडी एखाद्या साध्या मॉडेलची, आणि फोटोत लेन्सच्या पुढच्या कड्यावरची अक्षरं अर्धवट दिसतात. मी आधी ते कडं बघतो. फोकल लेंग्थ, छिद्राचा आकडा, कंपनीच्या नावाची दोन-तीन अक्षरं एवढं मिळालं तरी पुरतं. बॉडीच्या कितीतरी पट किमतीची लेन्स तिला लावून ठेवलेली असते आणि विकणाऱ्याने शीर्षक बॉडीवरचं नाव वाचून दिलेलं असतं. लेन्स शोधणारे लोक लेन्सच्या नावाने शोधतात, त्यांना हा लॉट (एकत्र विकायला ठेवलेला माल) दिसतच नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. सोनेरी मुलामा दिलेले, लष्करी चिन्हं किंवा ऑलिंपिकची कोरीव अक्षरं असलेले ‘लायका’ लिलावात सतत येतात. त्यातले बहुतेक मुळात फेड किंवा झॉर्की हे सोव्हिएत कॅमेरे असतात, वर नवं कोरीवकाम केलेलं. विकणाऱ्याकडे लेन्स काढून आतला फोटो मागा. अंतरमापकाला जोडलेली पट्टी लेन्सच्या मागच्या कड्याला जिथे टेकते, तिथे खऱ्या लायकात गोल फिरती चकती असते. फेड-झॉर्कीत सहसा नुसतं पाचरीसारखं टोक असतं. एक फोटो, आणि निकाल लागतो. फोटो द्यायला विकणारा टाळाटाळ करत असेल तर तोही निकालच.

पहिलंपाऊल

धागा फार उपयोगाचा आहे, वाचनखूण साठवली. मी या लिलावांत अगदी नवी आहे. खणपेटी, तुम्ही म्हणता आपल्या लेखी वस्तू जेवढ्याची तेवढी बोली टाका. पण माझ्या लेखी ती कितीची हे मी ठरवू कशी? नेमकं तिथेच अडतं.

खणपेटी

योग्य प्रश्न. चालू लिलावांच्या किमती बघूच नका, त्या अजून ठरायच्या असतात. मागितलेल्या किमतीही सोडा. विकणारा काहीही मागू शकतो. विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी उघडा, ईबेवर तसं गाळून बघायची सोय आहे. मोठी लिलावगृहं जुने निकाल साइटवर ठेवतात. तशाच वस्तूचे जमतील तितके निकाल घ्या आणि अवस्था जुळवून बघा. नाण्यांत तर अवस्थेवरच सगळं आहे. नाण्यांचे जाणकार शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० ची जी मोजपट्टी आणली, तिच्यावर ६४ आणि ६५ यांत उघड्या डोळ्यांना जेमतेम फरक दिसतो, पण किंमत कित्येकदा दुप्पट-तिप्पट होते. तिकिटांच्या कॅटलॉगमधली किंमत ही निर्दोष प्रतीची आणि दुकानातली असते, लिलावात साधारण तिकिटं तिच्या एका लहानशा हिश्श्याला जातात.

आकडा मिळाला की तो एकूण खर्चाचा समजायचा आणि उलटं येत जायचं. समजा सगळं धरून १५० च्या वर जायचं नाही. टपाल आणि विमा १२. लिलावगृह खरेदीदाराकडून हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे जिंकलेल्या बोलीवर, २० टक्के प्रीमियम (स्वतःचं शुल्क) घेतं. तर १५० वजा १२ म्हणजे १३८, त्याला १.२ ने भागा, ११५. तुमची बोली ११५, १५० नव्हे. सीमाशुल्क लागणार असेल तर तेही आधीच वजा करा. हा प्रीमियम काही निसर्गनियम नाही. क्रिस्टीज आणि सदबीज या लिलावगृहांनी लंडनमध्ये तो १९७५ साली १० टक्क्यांवर सुरू केला, पुढे तो वाढतच गेला. प्रत्येक लिलावगृहाचा दर वेगळा असतो, अटींच्या पानावर दिलेला असतो. बोली लावण्याआधी ते पान वाचायचंच.

आकडा कागदावर लिहून ठेवा. मग शेवटच्या मिनिटाला स्क्रीनवर काहीही होऊ दे.

तिसराघाव

थोडा मतभेद नोंदवतो. ‘आपली खरी किंमत टाका’ हे विकरींचं गणित प्रत्येकाची किंमत स्वतंत्र असेल तिथे चालतं. तुम्हाला आजोबांकडे होतं तसंच पेन हवंय, तुमच्या मनातल्या किमतीशी माझा संबंध नाही, तिथे ठीक. पण न उघडलेला तिकिटांचा खोका किंवा मिश्र नाण्यांचा लॉट घ्या. आत जे आहे ते सगळ्यांसाठी सारखंच आहे, फक्त प्रत्येकाचा अंदाज वेगळा. अशा वेळी जिंकतो कोण? ज्याचा अंदाज सगळ्यात चढा तो. म्हणजे जिंकणं हीच खूण असते की आपला अंदाज बाकी सगळ्यांपेक्षा जास्त होता. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेल कंपनीतल्या अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल हेच लिहिलं. त्याला विजेत्याचा शाप म्हणतात.

यावरून निघणारा नियम बऱ्याच जणांना उलटा वाटतो: बोली लावणारे जास्त असतील तर आपली बोली खाली आणायची. मी मिश्र लॉटमध्ये मला जे स्पष्ट दिसतंय, ओळखता येतंय, तेवढ्याचीच किंमत धरतो. ‘आत अजून काही असेल’ याची किंमत शून्य. असलं तर उत्तम.

खणपेटी

मान्य, आणि हा फरक मी वर सांगायला हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे. शिवाय मिश्र लॉट बहुतेक वेळा कोणीतरी आधी चाळलेले असतात. अल्बमच्या पानावर एका ओळीतच जागा रिकाम्या असतील आणि तिथे बिजागरीचे (तिकीट पानाला चिकटवायच्या कागदी पट्टीचे) ताजे डाग दिसत असतील, तर चांगलं तिकीट आधीच निघालंय.

झडप

तिसराघाव, मिश्र लॉटबद्दल एक भर. एका चांगल्या वस्तूमागे दहा सामान्य वस्तू असल्या की अनेक जण ‘एवढं सगळं ठेवू कुठे’ म्हणून मागे सरतात. जड, अवजड लॉटना टपालखर्चामुळे बोल्या कमी लागतात. अशा वेळी हवी तीच वस्तू पाठवून बाकीचं ठेवून घ्याल का, असं विकणाऱ्याला लिलावाआधीच विचारता येतं. बरेच जण हो म्हणतात.

काचेआड

वेळेबद्दल एक राहिलं. बरीच लिलावगृहं आता शेवटच्या मिनिटांत बोली आली की लॉटची वेळ वाढवतात. तिथे शेवटच्या सेकंदाची चलाखी चालतच नाही, वेळ पुन्हा सुरू होते. बोली लावण्याआधी लिलाव ठरल्या वेळी बंद होतो की लांबतो, हे पाहून घ्या. लांबणारा असेल तर आकडा ठरवा, एकदाच टाका आणि स्क्रीनसमोरून उठा. समोर बसून एकेक टप्पा चढवत राहणं हाच सगळ्यात महाग प्रकार. ठरल्या वेळी बंद होणाऱ्यात गोल आकडे टाळा. समोरच्याची कमाल ५०० असेल आणि तुमची ५०३, तर पूर्ण टप्प्याचा फरक नसतानाही ईबेवर वस्तू ५०३ ला तुमची होते. आणि दोघांचे आकडे सारखे निघाले तर आधी टाकणारा जिंकतो, हेही लक्षात असू द्या.

दंतूरकडा

सुरुवातीच्या किमतीबद्दल कोणी बोललं नाही. अगदी कमी किमतीपासून सुरू होणारा लिलाव बघून मन हुरळतं, पण कू, गॅलिन्स्की आणि मर्निघन यांच्या २००६ च्या अभ्यासात उलटं दिसलं: कमी सुरुवातीमुळे जास्त लोक ओढले जातात, एकदा बोली लावली की त्यांचा जीव त्यात अडकतो आणि शेवटची किंमत चढी निघते. हे घडायला गर्दी मात्र हवी. ती नसेल तर कमी सुरुवात कमीवरच संपते.

म्हणून शोधायचं असतं ते गर्दी न पोचलेलं पान. शीर्षकात स्पेलिंग चुकलेलं, चुकीच्या विभागात टाकलेलं, निर्मात्याचं नाव नसलेलं, फोटो अंधारा. मी माझ्या आवडीच्या नावांची चुकीची स्पेलिंगं शोध म्हणून साठवून ठेवली आहेत, नवीन काही आलं की आपोआप कळतं. परकीय भाषेतल्या वर्णनांत त्या भाषेतला शब्द घालून शोधलं तर वेगळंच जग उघडतं. सुटं तिकीट शोधू नका, ‘पत्रव्यवहार’, ‘जुने लिफाफे’ असं शोधा. लिफाफ्यावर चिकटलेलं तिकीट, शिक्का, टपालमार्ग हे सगळं मिळून कधी कधी सुट्या तिकिटाच्या कितीतरी पट किमतीचं असतं.

मोहोर

‘विकणाऱ्याला माहीत नाही’ या आनंदावर एक सावधगिरी. मे २००० मध्ये ईबेवर एक मोठं अमूर्त चित्र आलं. विकणारा स्वतःला कलेतलं काही न कळणारा साधा माणूस म्हणवत होता. मुलाच्या खेळण्यातल्या सायकलमुळे चित्राला भोक पडलंय, असंही त्याने लिहिलं. सुरुवात २५ सेंटपासून. कोपऱ्यात ‘आरडी ५२’ अशी सही दिसत होती. जाणकारांना वाटलं, हे रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत अमेरिकन चित्रकाराचं चित्र, आणि बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेली. नंतर उघड झालं की विकणाऱ्याने दुसऱ्या नावाने स्वतःच बोली लावली होती. ईबेने विक्री रद्द केली, पुढे बनावट बोल्यांच्या प्रकरणात गुन्हे दाखल झाले. चित्र डीबेनकॉर्नचं नव्हतंच.

बघा, त्यात काय काय होतं: भाबडा विकणारा, घरगुती कहाणी, आणि खरेदीदाराला ‘फक्त मलाच दिसलं’ असं वाटावं अशी बेताने दिसणारी सही. आमिष जाणकारांसाठीच तयार केलेलं होतं. म्हणून मी विकणाऱ्याच्या इतर वस्तू आधी बघतो. सगळं घर रिकामं करणाऱ्याच्या यादीत भांडी, पडदे, खेळणी असतात. प्रत्येक वस्तू ‘माळ्यावर सापडलेली’ आणि प्रत्येकीवर अर्धवट दिसणारी सही असेल, तर मी पुढे जातो.

बनावट बोल्यांसाठी बोलींचा इतिहास उघडा. ईबेवर नावं झाकलेली असली तरी त्या खात्याच्या किती टक्के बोल्या याच विकणाऱ्याच्या वस्तूंवर आहेत ते दिसतं. तो आकडा खूप मोठा, खातं नवं, आणि ते कधीच जिंकत नाही, असं दिसलं की थांबा.

पहिलंपाऊल

आणि वस्तू हातात आल्यावर? मी सध्या चांदीची नाणी बघतेय. परत करायची मुदत असते, तेवढ्यात घरी काय तपासता येईल?

मोहोर

चुंबक आधी. चांदी चिकटत नाही. पण तांबं, पितळ, शिसंही चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने फक्त लोखंडी नकली पकडली जातात. खरी परीक्षा घनतेची, आणि ती नाण्याला ओरखडाही न पाडता होते. दशांशात दोन स्थळं दाखवणारा छोटा काटा घ्या. नाणं कोरडं तोला. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, आणि काटा जो आकडा दाखवेल तो लिहा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. नाणं २५ ग्रॅमचं आणि पाण्यातला आकडा २.४२ आला तर घनता १०.३३. शुद्ध चांदीची १०.४९ असते, नव्वद टक्के चांदी आणि बाकी तांबं असलेल्या नाण्याची १०.३ च्या आसपास. ९ च्या खाली आली तर परत पाठवा. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर आकडा चुकतो, ते बोटाने हलकेच काढा.

मग काठ भिंगाखाली. साच्यात ओतलेल्या नकलीला बऱ्याचदा काठावर सांध्याची रेघ असते. आणि नाणं घासून चमकवलेलं दिसलं, एका दिशेच्या बारीक रेषा असल्या, तर ते खरं असूनही किंमत गेलेलीच असते. स्वतः तर ते कधीही घासू नका. तपासून झाल्यावर मऊ कापडाने टिपा, पुसू नका.

दंतूरकडा

कागदासाठी अतिनील दिवा. कागद पांढरा शुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं साधारण १९५० नंतर वापरात आली. १९१० चं म्हणून घेतलेलं पोस्टकार्ड किंवा फोटो त्या उजेडात निळसर पांढरा झळाळला, तर कागद नंतरचा. नुसता मंद दिसला म्हणून जुनाच, असं मात्र म्हणता येत नाही.

पहिलंपाऊल

मनापासून आभार. एक शेवटचा प्रश्न. आठवड्याभराने संपणाऱ्या एका लिलावात एकाच विकणाऱ्याने मला हव्या त्या पदकाचे चार सारखे नमुने चार सलग लॉट म्हणून टाकलेत. मला एकच हवंय. पहिल्यावरच पूर्ण बोली लावू का?

तिसराघाव

नको. ॲशेनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये वाइनच्या लिलावांवर लिहिताना दाखवलं की एकाच मालाचे लॉट ओळीने विकले तर नंतरच्या लॉटची किंमत चढण्यापेक्षा उतरण्याची शक्यता बरीच जास्त असते. ज्यांना तो माल सगळ्यात जास्त हवा असतो ते पहिल्या लॉटवर घेऊन बाहेर पडतात. तेव्हा चारही लॉटचे फोटो आधी नीट बघून अवस्था खरंच सारखी आहे का ते पक्कं करा. असेल तर पहिल्या दोनांवर ठरवलेल्या आकड्याच्या थोडी खालची बोली, तिसऱ्यावर पूर्ण. एक जिंकलात की पुढच्यांवर टाकू नका, नाहीतर दोन पदरात पडतील. चौथ्यासाठी थांबणं धोक्याचं, कारण हरलेले सगळे तिथेच जमतात.

खणपेटी

आणि चारातला एखादा राखीव किमतीपर्यंत (जिच्याखाली विकायचं नाही असं ठरलेलं असतं ती) न पोचता तसाच राहिला, तर दुसऱ्या दिवशी लिलावगृहाला लिहा. न विकलेले लॉट बरीच लिलावगृहं राखीव किमतीला किंवा त्याच्या जवळपास देतात. निकालाच्या पानावर ते ‘न विकलेले’ म्हणून वेगळे दिसतात. पदकाच्या काठावर क्रमांक किंवा नाव कोरलेलं आहे का, तेवढं मात्र बोलीआधीच विचारून घ्या. फोटो नेहमी पुढचा-मागचा असतो, काठाचा नसतो.